डॅलसच्या ग्रंथालयातली मुंबई

मुंबईच्या माणसांच्या सुरुवातीच्या छायाचित्रांचा एक मोलाचा ठेवा अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात आहे. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे डीगोलियर ग्रंथालय एरवी अमेरिकेचा पश्चिम भाग आणि रेल्वे या विषयांवरच्या संग्रहांसाठी ओळखले जाते. पण त्याच्याच संग्रहात ‘फोटोग्राफ्स ऑफ वेस्टर्न इंडिया’ या नावाचे जुने आल्बम आहेत. त्यातली छायाचित्रे सुमारे १८५५ ते १८६२ या काळातली असून ती विल्यम जॉन्सन याच्या नावावर आहेत. जॉन्सन मुंबई सरकारच्या नोकरीत होता आणि १८५४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होता. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच सोसायटीत होते. नारायण दाजी तर स्वतः चांगले छायाचित्रकार होते.

कॅमेऱ्यासमोर ताटकळत बसलेल्या बायका, पागोटी घातलेले पुरुष, व्यापारी, नोकरचाकर अशी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची माणसे आज गिरगावात किंवा गडहिंग्लजात बसून कुणीही फोनवर पाहू शकतो. त्यासाठी ना व्हिसा लागतो, ना विद्यापीठाचे ओळखपत्र, ना पैसे. चित्र मोठे करत गेले की लुगड्याचा काठही दिसतो. हे सहज झालेले नाही. कपाटातला नाजूक कागद आणि आपल्या हातातला पडदा यांच्यामध्ये ग्रंथालयातल्या अनेक माणसांचे काम असते. हे काम बाहेर फारसे कुणाला माहीत नसते आणि ‘स्कॅन करून टाकले’ एवढ्या तीन शब्दांत त्याची बोळवण होते.

सुरुवात स्कॅनिंगपासूनच करू. त्या काळातले बहुतेक छापे अल्ब्युमेन कागदावरचे आहेत. अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर चांदीच्या क्षारांनी चित्र उमटवलेले असते. हा कागद पातळ असतो, कडांना वळतो, वयाप्रमाणे पिवळा पडतो आणि उजेडाने आणखी फिका होतो. म्हणून तो ऑफिसातल्या स्कॅनरमध्ये सरकवता येत नाही. आल्बम पाळण्यासारख्या आधारावर, शिवणीला ताण बसणार नाही इतकाच उघडतात. वर स्टँडला कॅमेरा आणि दोन्ही बाजूंनी मोजून बेतलेला उजेड असतो. चित्राशेजारी रंगांच्या चौकटींची एक छोटी पट्टी ठेवून तिचाही फोटो घेतात. पट्टीवरचा प्रत्येक रंग नेमका कोणता हे आधीच मोजलेले असते, त्यामुळे पन्नास वर्षांनी पडदे बदलले तरी फाइलमधला पिवळा म्हणजे खरा किती पिवळा, हे पडताळता येते.

मग येतो आकड्यांचा हिशेब. ८ इंच बाय ६ इंचांचा छापा दर इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात टिपला तर ४८०० गुणिले ३६००, म्हणजे १ कोटी ७२ लाख ८० हजार बिंदू होतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर एकच चित्र सुमारे ५२ मेगाबाइटचे होते. रंगाची खोली दुप्पट ठेवली की ते शंभरी ओलांडते. ही झाली मूळ फाइल. ती बहुधा टिफ प्रकारात जपतात आणि तिला हात लावत नाहीत. वाचकाला दिसते ती तिच्यावरून तयार केलेली हलकी प्रत. छाप्याचा पिवळेपणा काढून चित्र ‘छान’ करायचा मोह इथे फार होतो. चांगले ग्रंथालय मूळ फाइलमध्ये तो कधीच काढत नाही, कारण पिवळेपणा हाही त्या वस्तूचा इतिहास आहे. एखाद्याला पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी उजळ प्रत हवी असेल तर ती वेगळी करून देता येते. मूळ मात्र एकदा बदलले की परत येत नाही.

आता खऱ्या कष्टाच्या कामाकडे येऊ. फाइल तयार झाली, पण तिच्यात काय आहे हे संगणकाला कसे कळणार? त्यासाठी प्रत्येक चित्राची नोंद लिहावी लागते. जमिनीला सातबारा तशी चित्राला ही नोंद. ती नसेल तर चित्र असूनही कुणाचेच नसते. डॅलसच्या संग्रहातली नोंद उघडून पाहिली तर शीर्षक, छायाचित्रकार, कालखंड, ठिकाण, कोणत्या आल्बमातले, छाप्याचा प्रकार, छाप्याचा आणि तो चिकटवलेल्या पुठ्ठ्याचा आकार, फाइलचे नाव, वापराच्या अटी असा ओळीने तपशील असतो. हे रकाने प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवले असते तर एका ग्रंथालयाचा शोध दुसऱ्याला जुळला नसता. म्हणून १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यातून ‘डब्लिन कोअर’ हा पंधरा रकान्यांचा साचा पुढे आला. जगभरचे चित्रसंग्रह आजही याच साच्याच्या किंवा त्याच्या भाऊबंदांच्या आधाराने चालतात.

साचा सोपा असला तरी भरणे अवघड आहे. पुण्याचेच घ्या. जुन्या मथळ्यांत ‘पूना’ असते आणि आजची विद्यार्थिनी ‘पुणे’ लिहून शोधते. मराठा हा शब्द इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. भायखळा आणि माझगाव यांची इंग्रजी रूपे आपल्या उच्चारापासून कोसभर दूर आहेत. नोंद लिहिणाऱ्याने दोन्ही रूपे दिली नाहीत तर शोधणारीला ‘काही सापडले नाही’ एवढेच दिसते आणि चित्र अस्तित्वातच नाही असा तिचा समज होतो. ग्रंथालयांनी यासाठी स्थळांच्या आणि व्यक्तींच्या प्रमाण नामसूची केल्या आहेत. अमेरिकेतल्या गेटी संस्थेची स्थळसूची त्यांपैकी एक. तिच्यात एकाच गावाची जुनी-नवी नावे एकाच क्रमांकाखाली बांधलेली असतात. ग्रंथालयांच्या ‘मार्क’ या नोंदपद्धतीत ८८० क्रमांकाचे क्षेत्र तर खास दुसऱ्या लिपीतल्या मजकुरासाठी राखलेले आहे, म्हणजे देवनागरीची सोय आहे. ते क्षेत्र भरायला मराठी जाणणारे माणूस पगारावर ठेवले जाते का, हा पुढचा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

जॉन्सनच्या चित्रांबाबत नोंदीचा आणखी एक पेच आहे. त्याने माणसे टिपली ती बहुतांशी जातीचे आणि जमातीचे नमुने म्हणून. १८६३ आणि १८६६ साली त्याने ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक दोन खंडांत काढले. नागर ब्राह्मण स्त्रिया, भाटिया, खोजा, वल्लभाचार्य पंथाचे महाराज असे त्यात मथळे आहेत. माणसांची नावे बहुतेक ठिकाणी नाहीत. ग्रंथपालाने इथे काय करायचे? जुना मथळा पुसला तर वसाहतीच्या काळाने माणसांकडे कसे पाहिले त्याचा पुरावाच पुसला जातो. तो तसाच ठेवला आणि दुसरे काहीच लिहिले नाही, तर ग्रंथालयही त्याच नजरेने पाहते असा अर्थ होतो. आज अनेक विद्यापीठे मधला मार्ग धरतात. मूळ मथळा अवतरणात जसाच्या तसा ठेवतात, ग्रंथालयाचे स्वतःचे वर्णन वेगळ्या रकान्यात देतात आणि जुन्या भाषेबद्दलचा खुलासा संग्रहाच्या पानावर लिहितात. हा मार्ग योग्यच आहे. वाचकाला पुरावाही मिळतो आणि तो कुणी, कशासाठी निर्माण केला हेही कळते.

त्या पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, जी चित्र मोठे केल्याशिवाय लक्षात येत नाही. त्यातल्या अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि मागचे दृश्य दुसरीकडचे. दोन छायाचित्रे जोडून एक केलेली आहेत. पाय जमिनीला टेकतात तिथली कड, सावलीची दिशा आणि कपड्याभोवतीची किंचित कापल्यासारखी रेघ पाहिली की जोड कळतो. छापील पुस्तकात हे भिंगाने शोधावे लागे आणि त्यासाठी दुर्मीळ प्रत असलेल्या ग्रंथालयात जावे लागे. पडद्यावर दोन चित्रे शेजारी लावून एकाच प्रमाणात मोठी केली की शाळकरी मुलालाही ते दाखवता येते. १८६०च्या दशकातही छायाचित्राला ‘बनवता’ येत होते, हे समजायला याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

पण शेजारी लावायची दोन चित्रे दोन वेगळ्या देशांतल्या संस्थांकडे असली तर? फार दिवस याला उत्तर नव्हते. प्रत्येक विद्यापीठाची प्रणाली वेगळी. वॉशिंग्टन विद्यापीठात जन्मलेली ‘कंटेंटडीएम’ २००६ साली ओसीएलसी या ग्रंथालय-सहकारी संस्थेने घेतली आणि ती शेकडो ठिकाणी पोचली. कुणी ‘लूना’ वापरली, कुणी स्वतःच काही घडवले. कलेतिहासाच्या विभागांत तोवर ३५ मिलिमीटरच्या स्लाइडची कपाटे होती. कोडॅकने २००४ साली स्लाइड प्रोजेक्टर बनवणे थांबवले आणि त्याच वर्षी ‘आर्टस्टोर’ हा शिकवण्यासाठीचा मोठा चित्रसाठा विद्यापीठांना खुला झाला. चित्रे डिजिटल झाली खरी, पण प्रत्येक साठ्याला स्वतःचे कुंपण होते. एका कुंपणातले चित्र दुसऱ्यात न्यायचे तर ते उतरवून घ्या, पुन्हा चढवा, नोंद पुन्हा लिहा.

२०११ साली स्टॅनफर्ड, कॉर्नेल, ऑक्सफर्डचे बॉडलियन ग्रंथालय, ब्रिटिश लायब्ररी, फ्रान्स आणि नॉर्वेची राष्ट्रीय ग्रंथालये अशा काही संस्थांनी यावर एकत्र काम सुरू केले. त्यातून आयआयआयएफ हे प्रमाण तयार झाले. जाणकार त्याला ‘ट्रिपल-आय-एफ’ म्हणतात. त्याचे मर्म वेबपत्त्यात आहे. चित्राचा पत्ता ठरलेल्या क्रमाने लिहायचा: आधी सर्व्हर, मग चित्राचा ओळख क्रमांक, मग चित्रातला कोणता भाग हवा, किती मोठा हवा, किती अंशांनी फिरवायचा, रंगीत हवा की करडा, आणि फाइल कोणत्या प्रकारची. एवढे लिहिले की हे प्रमाण पाळणारे जगातले कोणतेही ग्रंथालय तेवढाच तुकडा पाठवते. एखाद्या अभ्यासकाला बाईच्या नथीचाच भाग हवा असेल तर त्या चौकटीचे माप पत्त्यात लिहायचे. ५२ मेगाबाइटची फाइल उतरवायची गरज नाही. आपण बोटांनी चित्र मोठे करतो तेव्हा आतून हेच चालते. चित्राचे छोटे चौकोनी तुकडे अनेक आकारांत तयार असतात आणि पडद्यावर दिसतो तेवढ्याच भागाचे तुकडे मागवले जातात. म्हणून तालुक्याच्या गावातल्या जेमतेम इंटरनेटवरही ते चालते.

प्रमाणाचा दुसरा भाग म्हणजे ‘मॅनिफेस्ट’ नावाची एक मजकुराची फाइल. ही वस्तू कोणती, तिची पाने किती, कोणत्या क्रमाने आणि प्रत्येक पानाचे चित्र कुठे, हे तिच्यात असते. ‘मिराडोर’सारख्या खुल्या प्रणालीत दोन संस्थांच्या मॅनिफेस्टचे पत्ते टाकले की दोन्ही वस्तू शेजारी उघडतात. फाइली आपापल्या घरीच राहतात.

याचा सर्वांत हृद्य नमुना फ्रान्समधला आहे. शातोरू या गावच्या नगरग्रंथालयात फ्रेंच राजांच्या इतिहासाचे एक मध्ययुगीन हस्तलिखित आहे. त्याच्या पानांतली काही रंगीत लघुचित्रे कुणी तरी कधी काळी कापून नेली, आणि पानांना भोके उरली. ती कापलेली चित्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. आयआयआयएफच्या आधाराने पानाच्या चित्रावर नेमक्या जागी लघुचित्राचे चित्र बसवण्यात आले आणि पडद्यावर ते पान पुन्हा अखंड दिसू लागले. दोन्ही संस्थांना आपल्या ताब्यातली वस्तू जागची हलवावी लागली नाही.

आपल्याकडे याच वाटेवरचे काम २०१४ साली झाले. मेवाडच्या महाराणा जगतसिंह यांनी सतराव्या शतकाच्या मध्यात करवून घेतलेले सचित्र रामायण कालौघात विखुरले होते. त्याचा मोठा भाग लंडनला, काही भाग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, काही राजस्थानात. ब्रिटिश लायब्ररी आणि मुंबईचे वस्तुसंग्रहालय यांनी मिळून ते इंटरनेटवर पुन्हा एकत्र आणले. वस्तू परत मागण्याचा हक्क आणि त्यावरचा वाद आपल्या जागी आहे, तो सोडून देऊ नये. पण तो सुटेपर्यंत पानोपान एकत्र वाचता येणे हा वाचकाचा हक्क आहे, आणि तो या कामाने मिळवून दिला.

आता प्रदर्शन. संग्रह खुला करणे आणि प्रदर्शन मांडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि विद्यापीठांत ती अनेकदा एकच समजली जातात. शोधपेटीत काय लिहायचे हे ज्याला ठाऊक आहे त्याला संग्रह उपयोगी पडतो. ज्याला विषयच नवा आहे त्याच्या हाताला धरून कुणी तरी न्यावे लागते. शेकडो चित्रांतून वीस निवडायची, त्यांचा क्रम लावायचा, प्रत्येकाला सत्तर-ऐंशी शब्दांत बोलते करायचे, आणि उरलेली न दाखवण्याचे धाडस करायचे, हे संपादनाचे काम आहे. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या रॉय रोझेनझ्वाइग केंद्राने २००८ साली ‘ओमेका’ ही फुकट प्रणाली याचसाठी आणली. तिच्यात आधी प्रत्येक चित्राची डब्लिन कोअर पद्धतीची नोंद करावी लागते आणि मगच ते प्रदर्शनाच्या पानावर घेता येते. इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकांना ही शिस्त फार मानवली. वर्गातली मुले निबंधाऐवजी प्रदर्शन मांडतात आणि त्या निमित्ताने पुरावा कसा नोंदवायचा हे शिकतात. स्टॅनफर्डने आपल्या संग्रहांसाठी ‘स्पॉटलाइट’ घडवली. तिच्यात ग्रंथपाल थेट मूळ संग्रहातली चित्रे निवडून कथन रचतो.

प्रदर्शने टिकत नाहीत, हे मात्र आधीच मान्य करून चालावे लागते. २०००च्या दशकात अनेक विद्यापीठांनी सुंदर हलती प्रदर्शने ‘फ्लॅश’ या तंत्रात बांधली. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ती उघडायची बंद झाली. जिथे चित्रे आणि नोंदी वेगळ्या, साध्या, खुल्या प्रकारात जपलेल्या होत्या तिथे नवे प्रदर्शन उभे राहिले. जिथे सगळे फ्लॅशच्या पोटातच होते तिथे मेहनत बुडाली. म्हणून मांडणी बदलती ठेवावी आणि चित्र व नोंद तिच्यापासून अलग राखावी, हा या क्षेत्राचा पहिला नियम झाला आहे.

जपणुकीचीही तीच तऱ्हा. प्रत्येक फाइलचा गणिताने काढलेला एक ठसा, ‘चेकसम’, नोंदवून ठेवतात. फाइलमधला एक बिंदू जरी बदलला तरी ठसा बदलतो. संगणक ठरावीक काळाने सगळे ठसे पुन्हा काढून जुन्यांशी ताडून पाहतो आणि फरक दिसला की दुसऱ्या जागची शाबूत प्रत आणून बसवतात. त्यासाठी प्रती वेगवेगळ्या शहरांत हव्यात. एकाच इमारतीत ठेवलेल्या तीन प्रती आगीच्या किंवा पुराच्या दिवशी एकच असतात.

हक्कांच्या बाबतीत जॉन्सनची चित्रे सोपी आहेत, कारण ती केव्हाच खुली झाली. अमेरिकेत १९९९च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल या निकालाने खुल्या चित्राच्या हुबेहूब छायाप्रतीवर नवा हक्क सांगता येत नाही असे ठरले. अलीकडच्या चित्रांचे तसे नाही. भारतात २०१२च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण आहे. एखाद्या महाविद्यालयाने गावच्या फोटो स्टुडिओचा जुना साठा मिळवला तरी तो इंटरनेटवर टाकण्याआधी स्टुडिओवाल्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्यायला हवी. आणि कायदा परवानगी देतो म्हणून प्रत्येक चित्र दाखवावेच असेही नाही. मृतदेहाचे, तुरुंगातले, किंवा ज्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती अशा माणसांचे चित्र मांडताना ग्रंथपालाने थांबून विचार केला पाहिजे.

सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने आपली चित्रे ‘फ्लिकर’ या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरच्या ‘फ्लिकर कॉमन्स’ या उपक्रमातही ठेवली आहेत. हा उपक्रम जानेवारी २००८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने सुमारे ३ हजार चित्रांनिशी सुरू केला होता. लोकांनी चित्रांखाली गावांची, इमारतींची, माणसांची नावे लिहायला सुरुवात केली. काहींनी जुन्या वर्तमानपत्रांतले दाखले दिले. ग्रंथालयाने ते तपासले आणि पहिल्या वर्षातच ५०० हून अधिक नोंदी त्या माहितीने सुधारल्या. चित्र ओळखणारा माणूस ग्रंथालयाबाहेर असू शकतो, हे यातून सिद्ध झाले.

मराठी वाचकांचे काम नेमके इथे आहे. परदेशी विद्यापीठांच्या संग्रहांत पश्चिम भारताची हजारो चित्रे आहेत आणि त्यांतल्या कित्येकांखाली गावाचे नाव चुकलेले किंवा सुटलेले आहे. देवळाचे शिखर, घाटाची पायरी, पागोट्याची बांधणी, लुगडे नेसण्याची तऱ्हा पाहून ‘हे कुठले’ हे सांगू शकणारी माणसे आपल्या गावोगावी आहेत. असे एखादे चित्र ओळखीचे वाटले तर ग्रंथालयाला पत्र लिहावे. त्यात फाइलचे नाव, आपले म्हणणे आणि त्याला आधार काय, हे तीन मुद्दे हवेत. जमल्यास त्याच जागेचा आजचा फोटो जोडावा आणि गावाचे नाव देवनागरीतही लिहून पाठवावे.